श्रीचा कॅमेरा, माझे रविवार

३ ऑगस्ट, रविवार

आज कपाटातून कॅमेरा काढला. बॅटरी पार मेलेली. चार्जिंगला लावली तेव्हा श्री खुर्चीतून नुसता बघत होता. म्हटलं, "पुढच्या रविवारी रानात मी जाऊन येऊ का? तुमच्या जागी?" तर म्हणाला, "परवा."

सगळ्यालाच परवा. चहा हवा, परवा. पंखा बंद कर, परवा. गेल्या दिवाळीनंतर झटका आला, उजवा हात गेला, पाय निम्मा परत आला, शब्द मात्र सगळे गेले. हा एकच कसा राहिला ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि राहिला तोही असला, की मागचं सांगतोय की पुढचं मागतोय तेच कळू नये.

(वहीत मी त्याला एकेरी लिहिते. तोंडाने आयुष्यभर अहो-जाहो.)

५ ऑगस्ट, मंगळवार

पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये शुकशुकाट. द्राक्षं नाहीत तर कामही नाही. बाया क्रेट धुतायत, मी ऑफिसात मागच्या सीझनच्या फायली लावतेय. आमचे मालक भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, यंदा सीझनला आहात ना?" हो म्हटलं. का विचारलं असेल? घरचं त्यांनाही माहीत आहे.

येताना बसमध्ये श्रीचे रविवार आठवत होते. अंबडच्या कंपनीत आठवडाभर टूलरूममध्ये, आणि पावसाळा लागला की रविवारी पहाटे बाहेर. त्र्यंबकच्या पुढे, हरसूल रस्त्याच्या रानात. संध्याकाळी परत. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा असा, की कुणीतरी कानात गंमत सांगितलीय. "एक दिवस चल की, शैले," म्हणायचा. आधी सासूबाई अंथरुणावर, मग अमेयची बारावी, मग माझी नोकरी. मग त्याने विचारणंच कमी केलं. मीही विसरले.

१० ऑगस्ट, रविवार

गेले. मंदाताईंना दिवसभर थांबायला सांगितलं. श्रीला त्या रोज सांभाळतातच, रविवारचं तोंड थोडं वाकडं केलं, पण थांबल्या.

हरसूलची एसटी. श्रावणाची त्र्यंबकला गर्दी, तिथपर्यंत उभी. पुढे गाडी रिकामी झाली. पाड्याच्या फाट्यावर उतरले. श्रीची पिशवी, श्रीची टोपी, पायात माझ्या ऑफिसच्या चपला! दहा पावलांत एक चप्पल चिखलात.

रान. काय लिहू. एवढं हिरवं की डोळ्यांना कुठे टेकायचं कळेना. फुलं दिसेनात. सगळी पानंच. मग एका ठिकाणी कळलावी दिसली, पेटल्यासारखी. ती दिसली आणि मग बाकीची दिसायला लागली, जशी काही आत्तापर्यंत दम धरून बसली होती. पानांखाली रानहळद. दगडाच्या खाचेत पांढरी आमरी, करंगळीएवढी.

फोटो एकही धड नाही. जवळ गेलं की धूसर, लांब गेलं की नुसतं गवत.

पाड्यावर पहिल्याच घराच्या ओट्यावरून एक बाई धावत आली. हिराबाई. श्रीच्या तोंडून नाव ऐकलं होतं, तिच्याकडे चहा पिऊनच तो परत फिरायचा. तिने मला नाही, पिशवीला ओळखलं. "ही दादाची पिशवी. दादा कुठं हाय?" सांगितलं. ती खाली बसली.

मग चहा. मग बोलत राहिली. दादा इथं लय बोलायचा म्हणे. त्याच्या लहानपणीचं, कंपनीतलं, पोराचं. नकला करायचा. नागलीची भाकरी आणि भारंगीची भाजी मागून खायचा. घरी त्याने नागलीला कधी हात लावला नाही. हा कोण माणूस? आमच्याकडे जेवताना बातम्या बघायचा तो?

"वयनीला आणीन म्हनायचा एक दिस," हिराबाई म्हणाली. "आली तर तू एकटीच आली."

११ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी फोटो टीव्हीवर लावले. वाटलं होतं, खूश होईल. पहिला बघितला, दुसऱ्याला मान वळवली. मी पुढचा लावला तर डाव्या हाताने रिमोट उडवून दिला. "परवा, परवा, परवा." डोळ्यांत पाणी.

फोटो वाईट आहेत म्हणून? की फूल चुकीचं? काय दाखवू?

१३ ऑगस्ट, बुधवार

स्पीच थेरपीची मुलगी आली होती. फोटोंची कल्पना तिला आवडली. म्हणाली, दाखवा, नाव विचारा, पण तुम्ही सांगू नका. ती होती तेव्हा आमरीचा फोटो लावला. श्रीने तिच्याकडे बघून हसून मान हलवली. ती गेल्यावर माझ्याकडे बघेना.

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा गेले. या वेळी बूट. पाऊस बारीक, न थांबणारा.

आज मला कळलं की उभ्याने फुलं दिसत नाहीत. सरळ चिखलात पालथी पडले. छप्पन्न वर्षांची बाई, पंजाबी ड्रेस, पोटाखाली पाणी. कुणी बघत नव्हतं. बघितलं असतं तरी… आभाळीचं एक फूल, निळं, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं, आत केसांसारखे तंतू. श्वास धरला की फोकस बसतो. श्वास सोडला की जातो.

तिथे पडल्या पडल्या आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एकदा आले होते की मी त्याच्याबरोबर! पावसात आमच्याकडे एकच छत्री होती आणि ती त्याने एका फुलावर धरली होती, फोटो होईपर्यंत. मी भिजत उभी. चिडायला हवं होतं, मला हसूच आवरेना. तो वर बघून म्हणाला होता, "दोन मिनिटं. त्याला भिजायचं कळत नाही, तुला कळतं." काय बोलणं ते. पण आवाज आठवला, जसाच्या तसा. घरी तो समोर बसलेला असतो आणि मला त्याचा आवाज आठवत नाही. इथे आठवला.

शेवटच्या गाडीने परत. श्री गॅलरीत उभा, मंदाताई मागे धरून. जेवला नव्हता. मंदाताई म्हणाल्या, दुपारपासून तिथेच.

२४ ऑगस्ट, रविवार

पाऊस मुसळधार, त्र्यंबक रस्त्यावर झाड पडलेलं. गेले नाही. चिडचिड झाली. माझी! त्याच्यासाठी म्हणून जात होते ना?

मुलाचा, अमेयचा फोन. बंगळूरला त्याच्या फ्लॅटजवळच चांगलं सेंटर आहे, रोज थेरपी, व्यायाम, सगळं. आणि जानेवारीत सूनबाईचं, ऋतुजाचं बाळंतपण. म्हणाला, "आई, तुम्ही दोघं दिवाळीनंतर इकडेच या. नाशिकचं घर भाड्याने देऊ. तू एकटी किती दिवस ओढणार?" बरोबरच बोलतो. प्रेमाने बोलतो. मला बाळाचे पाय दिसायला लागले फोनवरच.

म्हणाला, "बाबांना विचार त्यांना काय हवंय."

विचारलं. परवा.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मूर्ती लहानच आणली, मंदाताईंनी मखर लावलं.

आरतीला श्रीला खुर्ची पुढे ओढून बसवलं. मी ताट ओवाळायला लागले, टाळ्या, आणि मागून आवाज. आधी वाटलं, शेजारच्या घरातून येतोय. वळून बघितलं. श्री म्हणत होता. सगळे शब्द. एकही चुकला नाही, कडव्यामागून कडवं, वरच्या पट्टीत, जसा नेहमी म्हणायचा, सासूबाईंसारखे हेल काढून. मंदाताईंनी टाळ्या थांबवल्या. मी ताट फिरवत राहिले, थांबले तर तो थांबेल म्हणून. तीन आरत्या म्हटल्या. मला संपवायच्याच नव्हत्या.

संपल्यावर खाली बसले त्याच्यापुढे. म्हटलं, "अहो, मोदक देऊ?"

"परवा."

थेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, होतं असं, पाठ झालेलं आणि गायलेलं मेंदूत वेगळीकडे असतं, आनंद माना. आनंदच आहे. रडून घेतलं थोडं, मोरीत.

३१ ऑगस्ट, रविवार

घरात गौरी बसलेल्या, तरी जायचं ठरवलं होतं. सवाष्णी बाहेर फिरत नाहीत वगैरे शेजारी कुजबुजले असतील. सकाळी पिशवी भरत होते. आतून काहीतरी पडल्याचा आवाज. श्री पलंगाच्या कडेला, मांडीवर त्याचे रानातले बूट. माळ्यावर होते, कधी काढायला लावले मंदाताईंना कोण जाणे. डाव्या हाताने पायात घालायचा प्रयत्न चालला होता. एक बूट उलट्या पायात. घामाने निथळलेला.

दारात उभी राहिले तर मान वर केली. काही बोलला नाही. परवाही नाही.

मी काय करत होते एवढे दिवस! ताटातलं जेवण दुसऱ्याने जेवायचं आणि याला फोटो दाखवायचे.

गेले नाही. बूट नीट घातले त्याच्या पायात. बूट घालून आम्ही दोघं दिवसभर घरातच.

३ सप्टेंबर, बुधवार

श्रीला रानात न्यायचं म्हटलं तर अमेय नको म्हणाला. पडले तर? एवढ्या लांब, दवाखाना नाही. खरं आहे. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर, कुणी बरोबर असेल तर न्या. थेरपिस्ट म्हणाली, न्याच. मंदाताई म्हणाल्या, मी येणार नाही, मला तेवढं चालवत नाही.

सोसायटीतले जाधव रिटायर झालेत, त्यांची मोठी गाडी आहे. विचारलं. म्हणाले, "वहिनी, कधी निघायचं तेवढं सांगा."

१४ सप्टेंबर, रविवार

नेलं.

सगळं लिहायला हवं. गाडीत पुढे बसला. घाट लागल्यावर काच खाली करायला लावली आणि तोंड बाहेर काढून बसला, कुत्रं बसतं तसं. जाधव हसले, तोही हसला.

हिराबाई आणि तिचा नवरा फाट्यावर उभे. तिने श्रीचा गेलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, "दादा, लय दिस लावलं रे," एवढंच म्हणाली. श्री मान खाली घालून रडला. माझ्यापुढे नाही रडला कधी असा.

पुढे वाट चिखलाची. हिराबाईच्या नवऱ्याने एका बाजूने, जाधवांनी दुसऱ्या बाजूने धरलं. मी मागे, कॅमेरा गळ्यात. चार पावलं, थांबा, चार पावलं. ओढ्याच्या अलीकडे झाडीत थोडी मोकळी जागा आहे. तिथे एका दगडावर गोणपाट टाकून बसवलं. तो आजूबाजूला बघत राहिला, आपल्याच घरी बऱ्याच दिवसांनी आल्यासारखा, काय हललं, काय जागेवर आहे.

दगडाशेजारी एक झुडूप, कमरेएवढं, फुलांनी भरलेलं. फिकट निळी फुलं, एक पाकळी जांभळी. मी कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने हात लावला नाही. वाकला. नाक जवळजवळ फुलात. डाव्या हाताच्या बोटाने जांभळी पाकळी खालून उचलली, जशी लहान मुलाची हनुवटी उचलतात.

"भा," म्हणाला.

हिराबाई पुढे वाकली.

"भा… भारंगी."

स्पष्ट. हिराबाईचा नवरा म्हणाला, "बराबर." जाधवांनी डोळे पुसले. हिराबाई मला हलवत होती, "वयनी, बोलला, बोलला ना!" श्री माझ्याकडे वळला, चेहरा असा उजळलेला, फुलाकडे बोट करून पुन्हा "भारंगी, भारंगी," तीनदा-चारदा, शाळेत उत्तर आलेल्या पोरासारखा.

मी म्हटलं, "हो. भारंगी."

एकच फोटो धड आला. बाकी सगळे फुकट गेले, डोळ्यांत पाणी होतं.

हिराबाईकडे जेवलो. त्याने नागलीची भाकरी खाल्ली. मीही.

१५ सप्टेंबर, सोमवार

अमेयला फोनवर सांगितलं, तो वेडाच झाला. ऋतुजाही बोलली. सगळ्यांना आनंद.

ऑफिसात बसले होते आणि एकदम कुठूनतरी आलं मनात. भारंगी म्हणाला. मागच्या दिवाळीपासून मी त्याला न्हाऊ घालते, भरवते, बटणं लावते. माझं नाव नाही आलं त्याच्या तोंडी.

असं कुणाला सांगता येतं? झुडपाचा हेवा करते म्हणून?

२१ सप्टेंबर, रविवार

नवीन शब्द नाही. भारंगी मात्र आहे, आता दोन शब्द. चहा हवा, भारंगी. कधी परवा, कधी भारंगी. थेरपिस्ट म्हणते, होईल, धीर धरा.

आज संध्याकाळी समोर बसले आणि छातीवर हात ठेवून म्हटलं, "मी कोण? सांगा. शै…"

त्याने ओठ जुळवले. पुन्हा जुळवले. कपाळावर शीर. काहीच आलं नाही आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मीच घाईने म्हटलं, "जाऊ दे, जाऊ दे, चहा टाकते." त्याला माहीत आहे मी कोण. डोळ्यांत आहे ते. पण मला ऐकायचंय. "शैले." शेवटचं कधी म्हणाला असेल? झटका आला त्या दिवशी सकाळी, बहुतेक दारातून, "शैले, दार लावून घे," असलंच काहीतरी. लक्ष दिलं नव्हतं. कोण देतं?

५ ऑक्टोबर, रविवार

एकटीच गेले. मंदाताईंना म्हटलं, फोटो काढायचेत. फोटो कसले. फुलं संपली. सोनकीचे शेवटचे पिवळे ठिपके, बाकी गवत पिवळं पडायला लागलंय, भारंगीला हिरवी-काळी फळं. वाटेवरचा चिखल वाळून टणक झालाय, त्यावर आमच्या पाच जणांची पावलं अजून दिसतात असं वाटलं. आमचीच असतील असं नाही.

त्या दगडावर बसून राहिले. काही केलं नाही. किती बरं वाटलं ते लिहायलाही भीती वाटते. बंगळूरला रान असेल. सगळीकडे असतंच. पण तिथे मला वाट कोण दाखवणार, आणि श्रीचा तो आवाज तिथे ऐकू येईल का?

हिराबाई म्हणाली, भात कापून झालं की ते सगळे द्राक्षाच्या कामाला निघणार, पिंपळगावकडेच. म्हणजे हिवाळ्यात मी तिकडे, तीही तिकडे, आणि पाडा रिकामा. मी म्हटलं, आमच्याकडे ये. ती म्हणाली, "तू असशील तर येईन."

८ ऑक्टोबर, बुधवार

भाऊसाहेबांनी पुन्हा विचारलं. छाटण्या सुरू झाल्यात, सीझनची माणसं आत्ताच ठरवावी लागतात. म्हटलं, घरी विचारून सांगते. "साहेबांना काय बरं वाटेल तसंच करा," म्हणाले. चांगला माणूस.

अमेय घरासाठी भाडेकरू बघतोय. एक कुटुंब तयार आहे. रोज फोन. "बाबांचं काय म्हणणं?"

१२ ऑक्टोबर, रविवार

अमेय शुक्रवारी येतोय दिवाळीला. तो आला की ठरवायचंच आहे.

आज दुपारी चहा झाल्यावर मी खुर्ची ओढून श्रीच्या अगदी समोर बसले. गुडघ्याला गुडघा. म्हटलं, आता सरळ विचारते, हो असेल तर हात दाबा. अमेयकडे बंगळूरला जायचं का आपण? नीट सांगितलं सगळं. सेंटर, बाळ, भाडेकरू. आणि इथलंही सांगितलं, काही लपवलं नाही.

हात दाबला नाही. माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलायला लागले. मी परवाची तयारी ठेवली होती, नाहीतर भारंगीची.

"तू?"

मला वाटलं, भास झाला. म्हटलं, "काय?"

डावा हात उचलला, बोट माझ्या छातीला लावलं. "तू?"

अमेय विचारतो बाबांना काय हवंय, डॉक्टर तेच, भाऊसाहेब तेच, मी स्वतः तर उठता-बसता तेच. मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पण नाही.

की त्याला म्हणायचं होतं, तू ठरव? की नुसताच एक शब्द सुटला? पण शेवटी प्रश्न होता. आवाज वर गेला होता.

तोंड उघडलं. बाळाचे पाय आले डोळ्यांपुढे. तो दगड आला. ऋतुजा तिथे दिवसभर एकटी असते. पुढच्या पावसात आभाळी पुन्हा येईल तेव्हा तिथे पालथं पडायला कोण असेल? दोन्ही एकदम बोलायला गेले आणि एकही आलं नाही. शब्द घशाशी येऊन अडतात ते असे, आज कळलं.

"सांगते," म्हटलं. "जरा थांबा, सांगते."

वही घेऊन इथेच बसलेय, त्याच्या समोर. चहाचा कप तसाच त्याच्या हाताशी. तो गॅलरीकडे बघत नाहीये, टीव्ही लाव म्हणत नाहीये. मी लिहितेय आणि तो माझ्याकडे बघत थांबलाय.